झूमवर नाडी लागत नाही, मान्य. पुढे?

डॉक्टरकी ऑनलाइन शिकवायचा विषय निघाला की आपल्याकडे एक हुकमी वाक्य फेकलं जातं: "ऑनलाइन शिकलेल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घेशील का?" झालं. टाळ्या. चर्चा खलास.

नाही घेणार बाबा. पण मंडळी, नुसती लेक्चरं ऐकून पास झालेल्याकडूनही नाही घेणार, मग तो पहिल्या बाकावर बसून ऐको नाहीतर शेवटच्या. प्रश्न ऑनलाइन की ऑफलाइन हा नाहीच. कुठली गोष्ट पेशंटसमोर उभं राहूनच शिकता येते आणि कुठली नाही, हा आहे.

विरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि तिथे शिकणारी आपली हजारो मुलं परत आली. त्यांचे वर्ग लॅपटॉपवर चालू राहिले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं, वॉर्डातलं काम असं भरून निघत नाही. शेवटच्या वर्षाची जी मुलं अशी पास झाली, त्यांना परीक्षा पास झाल्यावर इथे एक वर्षाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप करायला लावली. मुलांना जाच झाला, पण निर्णय बरोबर होता. सुजलेलं यकृत बोटांनाच कळतं, स्क्रीनला नाही.

पण मग लेक्चरचं काय? वर्गात १०० नाहीतर १५० मुलं, समोर स्लाइड, स्लाइडवर क्रेब्स सायकल. यात कुठला पेशंट आणि कुठली नाडी? भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २०१९ च्या अभ्यासक्रमानेच म्हटलंय की लेक्चरं एकूण वेळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. तरी थिअरीला ७५ टक्के हजेरीची अट आहेच. मग मुलं हजेरीपुरती येतात आणि मागच्या बाकावर मोबाइलमध्ये पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपचे व्हिडिओ बघतात. म्हणजे ऑनलाइन शिक्षण कधीच आलंय हो! फक्त ते खाजगी आहे, परीक्षेपुरतं आहे आणि ज्याच्या बापाला परवडतं त्याच्यासाठी आहे.

आपण इंजिनिअर लोकांनी हे आधी पाहिलंय. २००३ साली आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने एनपीटीईएल सुरू केलं. खेड्यातल्या कॉलेजातल्या पोराला आयआयटीचा प्रोफेसर फुकट मिळाला. त्यामुळे कुठल्या कॉलेजची लॅब बंद पडली? नाही ना? वैद्यकीय आयोगानेही पीजीच्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम ऑनलाइनच सक्तीचा केलाय. आभाळ कोसळलं नाही.

आता खरी मेख. २०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालयं होती, आता साडेसातशेच्या वर गेलीत. एकट्या महाराष्ट्रात ९ ऑक्टोबर २०२४ ला एका दिवसात दहांचं उद्घाटन झालं: गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा वगैरे. फार चांगलं झालं. पण शिकवायला माणसं? आयोगाच्याच २०२२-२३ च्या पाहणीत बहुसंख्य कॉलेजांत प्राध्यापक कागदावरच सापडले. अशा ठिकाणी जे चार खरे शिक्षक आहेत, त्यांचा वेळ आपण कशात घालवतोय? तीच स्लाइड साडेसातशे ठिकाणी साडेसातशे वेळा वाचून दाखवण्यात. आपल्या टीममध्ये कुणी असं काम केलं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची काय गत होईल?

माझं म्हणणं सरळ आहे. देशातल्या उत्तम शिक्षकांची लेक्चरं एकदाच नीट रेकॉर्ड करा, मराठी-हिंदी खुलाशांसकट सगळ्यांना फुकट द्या. नेट रडतंय तिथे होस्टेलच्या सर्व्हरवर टाकून ठेवा. आणि वाचलेला प्रत्येक तास वॉर्डात घाला. दहा मुलं, एक खाट, एक शिक्षक.

यात धोका आहे, आणि तो तंत्रज्ञानाचा नाही, संस्थाचालकांचा आहे. "व्हिडिओ आहेत, मग प्राध्यापक कशाला?" असं म्हणणारे महाभाग उद्याच रांगेत उभे राहतील. म्हणून नियम आधी हवा: व्हिडिओच्या नावाखाली एकही पद कमी होणार नाही आणि खाटेजवळच्या तासांची नोंद उघड्यावर राहील. हे नसेल तर माझाही विरोध.

आणि पदवी मिळाल्यावर? अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये 'इको' सुरू केलं. दूरच्या गावातले साधे डॉक्टर दर आठवड्याला व्हिडिओवर आपले हेपटायटिस सीचे पेशंट तज्ज्ञांपुढे मांडायचे. २०११ मध्ये निकाल छापून आले: विद्यापीठात ५७.५ टक्के पेशंट बरे, गावातल्या डॉक्टरांकडे ५८.२. अंतर होतं, पण पेशंट डॉक्टरच्या समोर होता. गोम तिथे आहे.

आपल्याला पुण्या-मुंबईत बसून "दर्जा घसरेल" म्हणणं सोपं आहे. आपल्याला रात्री दोनला तीन हॉस्पिटलं सापडतात. गावाकडे राहिलेल्या आईवडिलांना एकच डॉक्टर सापडणार आहे, आणि त्याने कॉलेजात स्लाइड किती पाहिल्या यापेक्षा पेशंट किती तपासले याच्याशी त्यांना कर्तव्य आहे.

बघा पटतंय का.