विंचू उतरतो कशाने?

परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. चैत्रातील यात्रेच्या निमित्ताने दूरदूरचे भाविक येथे येतात. या परिसरातील शेतकरी कुटुंबांना विंचू अनोळखी नाही. बांधावरचे दगड, सरपणाचा ढीग, गोवऱ्यांची रास, उसाचे पाचट ही त्याच्या आवडीची स्थाने. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसात तो घरातही शिरतो. अशा वेळी दंश झालेल्या माणसाला पूर्वी थेट विंचू उतरवणाऱ्याकडे नेत असत आणि आजही काही घरांतील वडीलधाऱ्यांना तोच पहिला उपाय आठवतो. ‘आमच्या डोळ्यांदेखत उतरला’ ही त्यांची साक्ष असते. ती खोटी नसते. प्रश्न साक्षीचा नाही, तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा आहे.

विंचवाच्या बहुसंख्य दंशांत त्रास होतो तो वेदनेचा. ती असह्य असते, परंतु काही तासांत, फार तर दिवसभरात आपोआप ओसरते. मंत्र घातला तरी ओसरते, न घातला तरी ओसरते. वेदना चढत असताना मंत्र सुरू होतो आणि ती उतरू लागली की उतरवणाऱ्याचा हातगुण सिद्ध होतो. आधी मंत्र, मग आराम, म्हणून मंत्राने आराम, अशी ही साखळी आहे. आपल्या पूर्वजांनी या चुकीला नावही देऊन ठेवले आहे: काकतालीय न्याय. कावळा ताडावर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून फळ कावळ्याने पाडले असे होत नाही.

न्याय ठाऊक असूनही माणूस फसतो, आणि त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. क्रमावरून कारण ओळखण्याची सवय आपल्याला जन्मापासून उपयोगी पडलेली असते. गरम तव्याला बोट लागले आणि भाजले, एवढ्या एका अनुभवावर मूल शहाणे होते. शरीराचे आजार मात्र तव्यासारखे सरळ नसतात. कित्येक आजार आपल्या गतीने चढतात आणि उतरतात. शिवाय आपण उपाय शोधतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. शिगेनंतर बहुधा उतारच असतो, आणि त्या वेळी हाती जे औषध असेल त्याला श्रेय मिळते.

दुसरे कारण मोजणीचे. ज्यांचा विंचू ‘उतरला’ ते वर्षानुवर्षे ती हकीकत सांगत राहतात. ज्याचा उतरला नाही तो सांगायला उरत नाही, आणि त्याच्या घरचे ‘आयुष्य तेवढेच होते’ असे म्हणून गप्प बसतात. यशाची नोंद मंत्राच्या खाती पडते, अपयशाची नशिबाच्या. अशा वहीत उपाय कधीच तोट्यात दिसत नाही.

ही वही नीट लिहिली तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्याचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. त्या काळी वापरात असलेल्या उपचारांनी मृत्यू थांबत नव्हते. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. जे वाचले त्यांच्या ठेवल्या, तशा जे दगावले त्यांच्याही ठेवल्या. त्यांतून विषाचा मार्ग स्पष्ट झाला. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साचते.

कारणाची साखळी कळल्यावर ती कोठे तोडायची हेही कळले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होते. डॉ. बावस्करांनी त्याचा विंचूदंशावर उपयोग केला आणि १९८६ साली आपली निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. गंभीर विषबाधा झालेल्या रुग्णांत पूर्वी शेकडा २५ ते ३० दगावत, ते प्रमाण या उपचारानंतर शेकडा १ च्या आसपास आले. पुढे विंचूदंशावरील प्रतिविष उपलब्ध झाले. त्याचा फायदा खरोखर होतो का, हे पाहण्यासाठी ७० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला केवळ प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही देण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुसरा गट बराच लवकर सावरल्याचे दिसले. ज्यांना उपाय मिळाला आणि ज्यांना मिळाला नाही, त्यांना शेजारी ठेवल्यावाचून असे उत्तर हाती येत नाही. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

या संशोधनातील एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. गंभीर विषबाधा झालेल्या काही रुग्णांत दंशाच्या जागी वेदना फारशी नसते. उलटी, दरदरून घाम, हातपाय थंड पडणे आणि धाप लागणे ही धोक्याची चिन्हे आहेत. म्हणजे ‘दुखायचे थांबले, विष उतरले’ हा तर्क नेमक्या जीवघेण्या प्रसंगी दगा देऊ शकतो. सोनारीसारख्या गावातून परंडा किंवा बार्शी गाठायला लागणारा वेळ अशा रुग्णासाठी मोलाचा असतो, आणि तो मांत्रिकाच्या ओट्यावर खर्च होता कामा नये. प्राझोसिन रक्तदाब एकदम उतरवू शकते, म्हणून ते घरच्या घरी देऊ नये. भैरवनाथाला हात जोडावेत, नवसही बोलावा. मात्र गाडी रुग्णालयाकडे निघालेली असावी.

विंचू क्वचित चावतो. हीच विचारपद्धती घरात रोज वावरते, ती गुडघेदुखी, मधुमेह आणि रक्तदाब यांच्या रूपाने. एखाद्या तेलाने गुडघा ‘हलका झाला’ असे आजोबा म्हणतात. त्याच आठवड्यात त्यांनी शेतावरची फेरी थांबवलेली असते, गोळीही घेतलेली असते आणि थंडीही ओसरलेली असते. चार कारणांतून तेलालाच श्रेय मिळते, कारण ते हौसेने आणलेले असते. येथे नुकसान थोडे आहे. मात्र एखादा काढा सुरू केल्यावर प्रकृती बरी वाटली, म्हणून आजींनी रक्तदाबाची गोळी सोडली, तर नुकसान मोठे होऊ शकते. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा कोणतेही लक्षण दाखवत नाही. बरे वाटणे हा तो आटोक्यात असल्याचा पुरावा नव्हे.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नसलेले कारण आपण पाहतो, तसे असलेले कारण पुष्कळदा आपल्या नजरेतून सुटते. वृद्ध माणूस अंथरुणातून उठताना भोवळ येऊन पडला की ‘वय झाले’ असे म्हणून विषय संपवला जातो. प्राझोसिनच्याच वर्गातील काही औषधे वृद्ध पुरुषांना प्रोस्टेटच्या त्रासासाठी दिली जातात. ती सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर उभे राहताना रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. अशा वेळी ‘गोळीनंतर भोवळ’ हा क्रम दुर्लक्षण्याजोगा नसतो. त्यावरून लगेच निकाल देऊ नये आणि गोळी परस्पर बंदही करू नये. डॉक्टरांना मात्र ताबडतोब सांगावे. क्रम हा तपासाचा आरंभ आहे, शेवट नाही.

हा तपास सोपा व्हावा म्हणून शुश्रूषा करणाऱ्याने एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, त्रास काय होता, किती होता आणि त्या दिवशी नवे काय घडले, एवढे लिहिले तरी पुरते. नवे औषध, बदललेली मात्रा, उपवास, जागरण, प्रवास, सारे त्यात यावे. चांगल्या दिवसांची नोंद वाईट दिवसांइतकीच नेमाने करावी. दोन नवे उपाय शक्यतो एकाच दिवशी सुरू करू नयेत. डॉक्टरांनी एकत्र दिलेल्या औषधांना अर्थातच हा नियम लागू नाही.

आणि कोणी ‘याने हमखास गुण येतो’ असे सांगितले, तर त्यांना सन्मानपूर्वक तीन प्रश्न विचारावेत. हे दुखणे उपाय न करता किती दिवसांत बरे झाले असते? हा उपाय करूनही ज्यांना गुण आला नाही, असे किती जण ठाऊक आहेत? त्याच काळात आणखी काय काय बदलले होते? उत्तरे बहुधा अपुरी मिळतील. ती तशी मिळाली, तर चालू असलेले औषध सोडू नये आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही बरोबर न्यावी.