डब्यावर मर्यादा, पोत्यावर नाही

अमेरिकेत तान्ह्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या 'राईस सीरियल'च्या डब्यासाठी असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा ठरलेली आहे: किलोमागे 100 मायक्रोग्रॅम. अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एप्रिल 2016 मध्ये तिचा मसुदा मांडला आणि ऑगस्ट 2020 मध्ये ती अंतिम केली. मर्यादा म्हटली तरी तो मार्गदर्शक आकडा आहे, कायद्याचे बंधन नव्हे. पण निदान तो आहे. त्याच दुकानात वीस पौंडांच्या तांदळाच्या पोत्याला मात्र असा कोणताही आकडा लागू नाही. उष्टावण झाल्यावर मराठी घरांत बाळाला जो मऊ भात आणि तूप भरवले जाते, तो भात डब्यातून येत नाही, पोत्यातून येतो. नियमनातील ही फट आपल्यासारख्या भातखाऊ समाजाच्या नेमकी वाट्याला आली आहे.

मे 2025 मध्ये 'हेल्दी बेबीज ब्राइट फ्युचर्स' या संस्थेने अमेरिकेतील वीसहून अधिक महानगरांच्या दुकानांतून तांदळाचे 145 नमुने घेऊन तपासले. आर्सेनिक प्रत्येक नमुन्यात होते, आणि चारांतील एकाहून अधिक नमुन्यांत ते शिशुआहाराच्या त्या 100 मायक्रोग्रॅमच्या वर होते. कॅलिफोर्नियाचा तांदूळ, थायलंडचा जास्मिन आणि भारतीय बासमती हे तुलनेने बरे ठरले. अमेरिकेच्या आग्नेय भागातला तांदूळ आणि इटलीचा आर्बोरिओ हे वाईट. बासमतीचे नाव वाचून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण तो थोडा घाईचा आहे. अशा चाचण्यांत भारतीय तांदूळ म्हणजे बहुधा बासमतीच असतो. आंबेमोहोर, इंद्रायणी किंवा कोलम कोणत्या मातीत आणि कोणत्या पाण्यावर वाढला, हे बासमतीच्या निकालावरून कळत नाही.

हे विष, ज्याच्या एका रूपाला जुन्या मराठीत सोमल म्हणत, भातातच इतके का साठते? खाचरात पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो. लोहाच्या संयुगांना चिकटून बसलेले आर्सेनिक तेव्हा सुटे होऊन पाण्यात उतरते. भाताच्या मुळांना सिलिका हवी असते, आणि सिलिका आत घेणाऱ्या मार्गानेच आर्सेनिकही आत शिरते. म्हणून इतर धान्यांच्या तुलनेत भात सुमारे दहापट आर्सेनिक शोषू शकतो. 'ऑरगॅनिक' ही चिठ्ठी येथे निरुपयोगी आहे. प्रश्न माती आणि पाण्याचा आहे, शेतकऱ्याने यंदा काय फवारले याचा नव्हे.

पूर्वी काय फवारले याचा मात्र आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसावरील बोंडभुंग्यासाठी विसाव्या शतकात कॅल्शियम आर्सेनेट वापरले गेले. पुढे आर्सेनिकयुक्त तणनाशके आली. अशा काही जमिनींवर नंतर भात आला. तेथे भाताला 'स्ट्रेटहेड' नावाचा विकार होऊ लागला, लोंब्या न भरता ताठ उभ्या राहू लागल्या. त्याला दाद न देणारे वाण शोधण्यात आले. पीक वाचले. मातीतले आर्सेनिक जागेवरच राहिले. भारतात आणि बांगलादेशात कथा वेगळी आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, म्हणजे बंगाल, बिहार, आसाम या पट्ट्यात, आर्सेनिक निसर्गतः भूजलात आहे, आणि कूपनलिकांच्या सिंचनाने ते उन्हाळी भाताच्या खाचरांत येते.

आरोग्याच्या नावाखाली आपल्यापैकी अनेकांनी पांढरा भात सोडून ब्राऊन राईस धरला आहे. आर्सेनिक कोंड्यात अधिक साठते. एफडीएच्या 2016 च्या अहवालात असेंद्रिय आर्सेनिकची सरासरी पांढऱ्या तांदळात किलोमागे 92 मायक्रोग्रॅम, तर ब्राऊन राईसमध्ये 154 होती. तंतुमय पदार्थांचा लाभ खोटा नाही, पण रोज दोन वेळा, तेही लहान मुलाला, तोच तांदूळ देण्याचे समर्थन या आकड्यांपुढे टिकत नाही.

धोका किती मोठा? त्याच अहवालाच्या अंदाजानुसार, तांदळातील आर्सेनिकमुळे आयुष्यभरात दहा लाख लोकांमागे फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचे 39 अतिरिक्त रुग्ण संभवतात. भेदरून जावे असा हा आकडा नव्हे. परंतु ही अमेरिकी सरासरी आहे, आणि त्या सरासरीत आठवड्यातून एखादे वेळी भात खाणारी माणसे बहुसंख्य आहेत. आमटी-भात, पोहे, इडली, तांदळाची भाकरी असा क्रम असलेल्या घराचा धोका खाण्याच्या प्रमाणात चढतो. मुलांचे गणित आणखी वेगळे: वजनाच्या तुलनेत तान्ही मुले प्रौढांच्या सुमारे तिप्पट तांदूळजन्य अन्न खातात, आणि आर्सेनिकचा संबंध त्यांच्या बौद्धिक वाढीशी जोडला गेला आहे. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना दुधाऐवजी तांदळाचे पेय देऊ नये, असा अधिकृत सल्ला आहे.

युरोपीय संघाने 2016 पासून पांढऱ्या तांदळाला किलोमागे 200 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि 2023 मध्ये ती 150 वर आणली. म्हणजे प्रौढांच्या तांदळावर मर्यादा घालणे अशक्य नाही. अमेरिकेने ते केलेले नाही, इतकेच. कॅलिफोर्नियात जानेवारी 2025 पासून शिशुआहाराच्या उत्पादकांना जड धातूंच्या चाचण्यांचे निकाल जाहीर करावे लागतात. तांदूळ आयातदारांवर तेच बंधन घालावे, ही मागणी अवाजवी नाही, आणि ती प्रथम आपल्याकडून यायला हवी.

शेतीतला उपाय सोपा नाही. खाचर मधूनमधून सुकू दिले तर आर्सेनिक कमी होते, पण कॅडमियम वाढू शकते. कॅडमियम मूत्रपिंडे आणि हाडे पोखरते. जपानच्या तोयामा प्रांतात खाणीच्या सांडपाण्यावर पिकलेल्या भाताने 'इताई-इताई' हा रोग दिला होता. शिवाय 2025 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लुइस झिस्का आणि सहकाऱ्यांनी चीनमधील दहा वर्षांच्या प्रयोगांवरून दाखवले, की तापमान आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही वाढले की तांदळातील आर्सेनिकही वाढते.

स्वयंपाकघरात मात्र बरेच हाती आहे. नुसते धुण्याने आर्सेनिक फारसे जात नाही. तांदळाच्या सहा ते दहापट पाण्यात भात शिजवून ते पाणी टाकून दिल्यास असेंद्रिय आर्सेनिक 40 ते 60 टक्के कमी होते, असे एफडीए सांगते. कोकणात याला भात वेळणे म्हणतात. प्रेशर कुकर आणि इलेक्ट्रिक कुकरने ही रीत मोडली. त्यांत सारे पाणी भातातच जिरते. वेळून काढलेले पाणी मीठ घालून पिण्याची सवय असेल, तर ती येथे सोडावी लागेल. पाण्याबरोबर वरून लावलेली जीवनसत्त्वेही जातात. पिशवीवर 'एनरिच्ड' छापलेले नसेल, तर तो तोटा कमी. शेफील्ड विद्यापीठाची 2020 मधील पद्धत त्याहून सोयीची आहे: उकळत्या पाण्यात तांदूळ पाच मिनिटे शिजवावा, पाणी फेकावे, नवे पाणी घालून मंद आचेवर तो जिरवावा. त्यांच्या प्रयोगात पांढऱ्या तांदळातील 73 आणि ब्राऊन राईसमधील 54 टक्के आर्सेनिक गेले.

बाळासाठी पहिले अन्न तांदूळच असावे, असा आता इथल्या बालरोगतज्ज्ञांचाही आग्रह नाही. ओट्स आणि बार्ली ते सुचवतात. नाचणीचे सत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि शहराबाहेर घर घेतलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. नळाच्या पाण्यातील आर्सेनिकला लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमची संघीय मर्यादा आहे, पण ती खासगी विहिरींना लागू नाही. पाणीच दूषित असेल, तर त्यात शिजलेला भात आर्सेनिक सोडण्याऐवजी आणखी घेतो. तेव्हा भांडे बदलण्याआधी विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.