सही करण्याआधी विचारा

माझी आपा शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, हे तिला दीड वर्षाने कळलं. भाच्याच्या शाळेतून घरी रजिस्टर आलं. "इथे सही करा." कशाची? "मागच्या बैठकीची." बैठक झालीच नव्हती. त्याच काळात मुलांना गणिताला शिक्षक नव्हता.

मी रागात घरच्या ग्रुपवर लिहिलं, "बोर्डच बेकार आहे." मग कायदा वाचला आणि लाज वाटली. भाचा सहावीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. बोर्डाचा इथे संबंधच नव्हता.

राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६५ च्या कायद्याने स्थापन झालं. मुख्यालय पुण्यात, विभागीय मंडळं ९. आपला वर्धा जिल्हा नागपूर विभागात येतो. मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षा घेतं. त्याचे अध्यक्ष शासन नेमतं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात शिक्षण मंडळाचे १५ सदस्य लोक मतदानाने निवडतात. आपल्याकडे तसं नाही. या नेमणुकांत आपल्या समाजातली माणसं किती, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे.

पण जिथे कायद्याने खुर्ची दिली आहे, तिथे आपण बसतो का?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ बघा. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, हे समितीचं काम. अल्पसंख्याक आणि इतर अनुदानित शाळांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने समितीचं काम फक्त सल्ल्यापुरतं ठेवलं. पण जिल्हा परिषद आणि नगर परिषदेच्या शाळांत, उर्दू माध्यमाच्या शाळांतसुद्धा, अधिकार पूर्ण आहेत.

वर्ध्याच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच शहरात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजींच्या नई तालीमचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामियाचे डॉ. झाकीर हुसैन. वय ४० वर्षं. त्या योजनेवर मुस्लिम लीगने कडाडून टीका केली. वाद झाले, पण देशातली मुलं काय शिकणार हे ठरवणाऱ्या टेबलावर आपला माणूस मधोमध बसला होता.

आपाने सही केली नाही. लेखी अर्ज देऊन बैठक मागितली. रिक्त पदाचा ठराव इतिवृत्तात लिहून घेतला आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवली. शिक्षक अजून आलेला नाही. पण बैठक आता खरंच होते, आणि परवा आणखी तीन आया आल्या होत्या.

तुम्ही इंजिनिअर असा, दुकान चालवत असा किंवा कॉलेजात असा. या आठवड्यात मोहल्ल्यातल्या शाळेत जा आणि दोनच गोष्टी विचारा: समितीत कोण आहे आणि पुढची बैठक कधी? अम्मीचं किंवा भाभीचं नाव निघालं, तर कायदा त्यांना मराठीत वाचून दाखवा. रजिस्टर येईलच.