बाटली बदलली, औषध तेच

2018 च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यातल्या तांदूळवाडीच्या मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली. त्याच वर्षी मे महिन्यात ती शिवमोग्याला दिसली होती. तेव्हापासून मका पेरला की फवारणी ठरलेलीच. पोंग्यात लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली की शेतकरी कृषी सेवा केंद्र गाठतो. ‘मागचं लागू पडलं नाही, दुसरं द्या.’ दुकानदार दुसरी बाटली काढतो. कंपनी वेगळी, झाकणाचा रंग वेगळा. लेबलवर बारीक अक्षरात छापलेला घटक मात्र अनेकदा तोच, नाहीतर त्याच गटातला, म्हणजे अळीला त्याच पद्धतीने मारणारा.

औषध अळीत प्रतिकारशक्ती घालत नाही. ती मोजक्या अळ्यांत आधीच असते. औषध बाकीच्या मारून त्यांना रान मोकळे करून देते. पण ही ताकद बहुधा फुकट मिळत नाही. विष पचवणारी विकरे जास्त बनवायची, तर ती शक्ती वाढीतून आणि अंड्यांतून जाते. अळीअवस्था लांबते, कोष हलका राहतो, मादी अंडी कमी घालते. औषधाच्या त्या गटाला विसावा दिला, तर साध्या अळ्या पुन्हा वरचढ होतात. हा विसावाच आपण देत नाही.

शिवाय ही किंमत अळी दर वेळी मोजतेच असे नाही. प्वेर्तो रिकोत 2006 मध्ये याच अळीने क्राय1एफ जनुकाच्या बीटी मक्याला दाद देणे थांबवले. त्या अळ्यांवरच्या प्रयोगांत फारसा तोटा आढळला नाही, आणि त्या वाणाची विक्री थांबल्यावरही प्रतिकार वर्षानुवर्षे टिकला. म्हणून एकदा बिघडले की विसाव्याने सुधारेलच, या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते.

आपल्याकडे तर मुरघासामुळे मका बारमाही झाला आहे. उन्हाळ्यात महिनाभरात एक पिढी पूर्ण होते आणि पतंग बांध ओळखत नाही. इमामेक्टिन (गट 6), क्लोरँट्रॅनिलीप्रोल (गट 28), स्पिनेटोरम (गट 5) ही आपली मोजकी हत्यारे. एका पिढीवर एक गट वापरला, तर पुढच्या पिढीवर दुसरा हवा, आणि शेजाऱ्यानेही तोच क्रम पाळायला हवा. अंडीपुंज हाताने चिरडले, तर एखादी फवारणी टळतेही.

कृषी सेवा केंद्रचालकांना विनंती आहे: या हंगामापासून प्रत्येक पावतीवर औषधाच्या नावापुढे गटाचा क्रमांक लिहा, आणि बाटली देण्यापूर्वी शेतकऱ्याकडे मागची पावती मागा.