बाळंतिणीचा बदलता पत्ता

श्टुटगार्टला लागून असलेले गेर्लिंगेन नाशिकच्या सातपूरकरांनी ऐकलेले असते, कारण सातपूरला कारखाना असलेल्या बॉशचे मुख्यालय तिथे आहे. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी घरात बाळ जन्मले, की आजी पर्यटक व्हिसावर येते, ९० दिवसांच्या बोलीने. पिशवीत डिंक, खारीक, बाळंतशेपा. पण टाके, नाळ, बाळाचे वजन, न उतरणारे दूध हे सारे पाहते ती ‘हेबामे’, म्हणजे प्रशिक्षित सुईण. पहिले १० दिवस ती रोज घरी येऊ शकते, नंतर १२ आठवड्यांपर्यंत आणखी १६ वेळा. पैसे आरोग्य विमा भरतो. मेख अशी, की तिला आपणच शोधायचे आणि सुईणींचा तुटवडा. दिवस राहिल्याचे कळताच फोन फिरवावे लागतात, तेही जर्मनमध्ये.

घरी येऊन बाळ पाहण्याची रीत आपल्याला नवी नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळे तपासायला, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलाही शिकवले. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. २०११पासून देशभर आशाताई घरी जाऊन नवजात बाळे तपासतात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३ऱ्या ते ४२व्या दिवसापर्यंत सहा भेटी, त्या पुऱ्या झाल्या की २५० रुपये.

तरीही ही साखळी तुटते, कारण आशा असते गावाची आणि बाळंतीण एका गावात राहत नाही. नाव सासरी नोंदवलेले, पहिले बाळंतपण माहेरी, दीड-दोन महिन्यांनी परत. बीडची ऊसतोडणी करणारी बाई तर पोटुशीच फडावर जाते आणि कोपीत बाळंतीण होते. माहेरच्या वहीत ती पाहुणी, सासरच्या वहीत ‘बाहेरगावी’. दोन किलोच्या बाळाला ७व्या दिवशी कुणी पाहिले नाही, तर विचारायचे कुणाला?

जर्मनीत हक्क बाईबरोबर फिरतो, माणूस सापडत नाही. इथे माणूस आहे, हक्क वेशीपाशी थांबतो. म्हणून पैसे भेटीमागे द्यावेत, जिने बाळ पाहिले तिला. दवाखान्याने घरी सोडताना ‘कुठल्या गावी जाणार?’ एवढे विचारून तिथल्या आशेला कळवावे. राहिले फड. कुठल्या कोपीत कोण पोटुशी आहे, हे मुकादमाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. ते त्याला विचारायला आरोग्य केंद्राला शासन निर्णय कशाला हवा?