होडी वल्हवताना कपडे कोणते घालाल?

रोइंग म्हणजे हातांचा व्यायाम, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पाय, पाठ, पोट आणि हात एकाच वेळी राबतात. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा क्रमांक मिळवला. २००० मीटरची ती शर्यत साधारण सात मिनिटांची असते. अशा मेहनतीत स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेचा जवळपास पाऊण भाग उष्णतेच्या रूपात निघतो. ती बाहेर पडू देणं हे कपड्याचं पहिलं काम. म्हणून माझं मत असं, की कपडे निवडताना फॅशनपेक्षा ऋतू बघा.

उन्हाळा आणि ऑक्टोबरचं ऊन : घाम आला म्हणून शरीर गार होत नाही, तो सुकला तर होतं. त्यामुळे पातळ, फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा आणि लवकर वाळणारा टी-शर्ट घाला. पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन खालूनही लागतं. टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका.

वजन कमी करण्यासाठी प्लॅस्टिकचा 'स्वेट सूट' घालून व्यायाम करायला माझा ठाम विरोध आहे. कमी होतं ते पाणी. दोन तांबे पाणी प्यायलं की वजन परत जागेवर. धोका मात्र उष्माघाताचा. जिममधल्या रोइंग मशीनवर तर वाराही लागत नाही. बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जास्तच जपावं. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली की थांबा आणि सावलीत जा. बोलणं असंबद्ध झालं तर कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच रुग्णालय गाठा.

पावसाळा : आपल्याकडे पाऊस म्हटलं की रेनकोट. पण गुडघ्यापर्यंतचा घोळदार रेनकोट वल्ह्यात अडकतो, आत घाम कोंडतो आणि पाण्यात पडलात तर हातपाय मारणं अवघड करतो. कमरेपर्यंतचं, अंगाला बेताचं, हवा खेळती ठेवणारं जाकीट बरं. किनाऱ्यावर आलात की ओले कपडे, विशेषतः आतले, लगेच बदला. जांघेतला नायटा अशा ओलाव्यातच फोफावतो. मग मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम आणून चोळू नका. खाज थांबते, नायटा पसरतो. पायाला जखम असेल तर गढूळ पाण्यात उतरू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'मी पाण्यात गेलो होतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यावरूनच येते.

हिवाळा : पहाटे एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. अंग तापलं की एक काढता येतो. आतला थर सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. लोकरीचा किंवा सिंथेटिक बनियन चांगला. कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत असू द्या.

बाराही महिने : जीन्स, लोंबती ओढणी, सैल शर्ट नको. बाकी सगळ्यावर लाइफ जॅकेट, तेही बक्कल लावून. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, आपल्याकडे हिरण्यकेशी आहे. नदी आपली आहे म्हणून ती सवलत देत नाही. पोहता येणाऱ्यालाही पेटका येतो. नवा टी-शर्ट आणि लाइफ जॅकेट यांपैकी एकालाच पैसे पुरत असतील, तर जॅकेट घ्या.

आणि नदीला पूर असेल तर घरीच बसा. पुराच्या पाण्यात चालेल असा कपडा अजून कुणी शिवलेला नाही.