मिळेल आणि मिळावा

पुरस्कारांचे निकाल लागायच्या आधी विजेत्यांची यादी करून ठेवणाऱ्या माणसाला आपल्याकडे रिकामटेकडा म्हणतात. शहरात म्हणतात, आणि अनसिंगसारख्या गावात जरा जास्तच मोठ्याने म्हणतात. ‘सिनेमा पाहाले वाशीम नाहीतर अकोल्याले जा लागते, अन् हे चालले दिल्लीचे पुरस्कार वाटाले!’ वाशीम-पुसद रस्त्यावरच्या या आमच्या गावात चार-पाच जणांची मिळून एक वही आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर होण्याआधी तिच्यात दोन रकाने पाडायचे, ‘मिळेल’ आणि ‘मिळावा’. नाव लिहायचं, शेजारी कारण लिहायचं, खाली तारीख टाकून सही करायची. उद्योग एवढाच. त्यावर घेतले जाणारे आक्षेप पोकळ आहेत, आणि सिनेमावर गंभीरपणे बोलू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा उद्योग करावा, असं माझं म्हणणं आहे.

आक्षेप घेणाऱ्यांत अग्रभागी एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचा पहिला सवाल ठरलेला: ‘काहून रे बाबू, तुले दिल्लीवरून फोन येते काय?’ म्हणजे जे सिनेमे तुम्ही पाहिलेच नाहीत त्यांच्याविषयी कशाच्या जोरावर बोलता? सवाल रास्त आहे. फक्त तो एकट्या अनसिंगला का? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ जाहीर झालं एप्रिल 2017 मध्ये. तेव्हा तो थेटरात लागलेलाच नव्हता, लागला ऑक्टोबरात. महोत्सवांचे पास मिळवणारे मूठभर लोक सोडले तर पुण्याचा प्रेक्षक आणि अनसिंगचा प्रेक्षक त्या दिवशी सारखेच कोरे होते. आदिनाथ कोठारे यांच्या ‘पाणी’ची कथा त्याहून पुढची. पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला ऑगस्ट 2019 मध्ये जाहीर झाला, आणि चित्रपट थेटरात आला ऑक्टोबर 2024 मध्ये. गोष्ट आहे नांदेड जिल्ह्यातल्या एका तहानलेल्या गावाची. नांदेड आम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण तिथली गोष्ट दिल्लीच्या परीक्षकांनी पाहिल्यावर आमच्यापर्यंत यायला पाच वर्षं लागली.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ तर विदर्भाचाच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातलीच माणसं घेऊन केलेला. पाहुणे बसलेत, पोह्यांच्या बश्या फिरतायत, मुलगी पाटावर आणि प्रश्नांची सरबत्ती: नाव काय, शिक्षण किती, उंची किती. हा कार्यक्रम आमच्याकडे दर लग्नसराईत घरोघर होतो. सप्टेंबर 2023 मध्ये हा चित्रपट टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्या थेटरांत तो मार्च 2025 मध्ये आला. आमच्या घरातला कार्यक्रम कॅनडाच्या प्रेक्षकाने आमच्या दीड वर्ष आधी पाहिला. तेव्हा ‘तुम्ही पाहिलंच काय’ हा सवाल आम्हाला विचारण्याआधी वितरकांना विचारावा.

शिवाय न पाहिलेल्या चित्रपटाबद्दलचा अंदाज म्हणजे हवेतली बात नव्हे. अंदाज लिहायचा तर आधी माहिती काढावी लागते. चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र कोणत्या साली मिळालं ते बघावं लागतं, कारण पुरस्काराचं वर्ष त्यावरून ठरतं, थेटरातल्या तारखेवरून नाही. निर्मात्याने प्रवेशिका पाठवली नसेल तर सगळंच मुसळ केरात. 2010 पासून निवड दोन टप्प्यांत होते. आधी विभागीय समित्या बघतात, मग त्यांनी पुढे पाठवलेले चित्रपट मध्यवर्ती समिती बघते. ऑस्करला दहा हजारांच्या आसपास मतदार आहेत. तिथे आधीचे संघटनांचे पुरस्कार बघून बऱ्यापैकी गणित मांडता येतं. आपल्याकडे बंद खोलीत डझनभर माणसं बसतात, म्हणून गणितापेक्षा त्या माणसांचा कल ओळखावा लागतो. ‘स्थळ’ हे नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना कळलं ते वहीत काय लिहायचं याची शोधाशोध करताना.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. ‘सगळं ठरलेलं असते भाऊ.’ राजकारण असतं, लॉबी असते, वरून नावं येतात. मग अंदाज करण्यात काय अर्थ? हे म्हणणाऱ्याचा चेहरा फार जाणता असतो. पण जरा विचार करा. सगळं ठरलेलं असेल तर अंदाज करणं अवघड होईल की सोपं? कल आधीच माहीत असलेल्या माणसाला तर वहीतले सगळे रकाने बिनचूक भरता आले पाहिजेत. 71 वे राष्ट्रीय पुरस्कार 1 ऑगस्ट 2025 रोजी जाहीर झाले. शाहरुख खानला ‘जवान’साठी विक्रांत मॅसीच्या जोडीने सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. 1992 च्या ‘दीवाना’पासून धरलं तर तेहतीस वर्षांतला त्याचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार. लगेच पारावर शहाणे गोळा झाले: परीक्षक मंडळाचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर, त्यांनीच शाहरुखला घेऊन ‘स्वदेस’ केला होता, त्या साली पुरस्कार गेला ‘हम तुम’च्या सैफ अली खानकडे, म्हणजे ही जुनी परतफेड! तर्क रंगतदार आहे. पण 31 जुलैला यांतल्या कोणी तो कागदावर उतरवला होता? गोवारीकरांनी ‘स्वदेस’ केला ही गोष्ट काही 1 ऑगस्टला उजेडात आली नाही. निकालानंतर जोडलेल्या दुव्याला पुरावा म्हणायचं तर जगातला कुठलाही निकाल आधीच ठरलेला म्हणून सिद्ध करता येईल.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही पुरस्कारांची वकिली करताय. तसं नाही. त्याच वेळी ‘द केरला स्टोरी’साठी सुदीप्तो सेन सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले, आणि केरळच्या मुख्यमंत्र्यांनी त्यावर जाहीर टीका केली. तो निकाल मलाही पटलेला नाही. पण ‘पटला नाही’ आणि ‘ठरलेला होता’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यासाठी सिनेमा पाहावा लागतो आणि कारण द्यावं लागतं. दुसऱ्यासाठी काहीच लागत नाही, नुसते डोळे बारीक करून मान हलवली की झालं. पुरस्कारांत कल असतो, दबाव असतो असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने तर आमच्याहून नेमाने वही ठेवावी. दहा वर्षांचे अंदाज आणि निकाल शेजारी शेजारी मांडले की कल आपोआप दिसतो. वहीशिवाय ‘राजकारण असतं’ म्हणणं ही तक्रार सुद्धा नव्हे, ती सवय आहे.

तिसरा आक्षेप सट्ट्याचा. यात फार वेळ घालवत नाही. परदेशात ऑस्करवर रीतसर पैसे लावतात. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने 2019 मध्ये त्याला परवानगी दिली. आमच्यात पैसा नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने द्यायचा. कोणी याची तुलना शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीशी करतो. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडायचा, भोवती धान्य ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस, पीक नि राजाचं भाकीत सांगायचं. अंनिसवाले त्यावर आक्षेप घेत आले आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. आमच्या वहीत कारणाशिवाय नाव लिहिता येत नाही आणि लिहिलेलं खोडता येत नाही. घटमांडणीशी आमचं नातं इथेच तुटतं.

आता शेवटचा आक्षेप, जो खरोखर वजनदार आहे. पुरस्काराने कलाकृतीची किंमत ठरत नाही; मग कोणाला मिळणार याची चर्चा म्हणजे सिनेमा सोडून ढालीची चर्चा. ‘सैराट’ने अख्ख्या महाराष्ट्राला हलवलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याच्या वाट्याला रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख आला. त्याने ‘सैराट’चं काय बिघडलं? काहीच नाही, कबूल. पण या आक्षेपाला उत्तर म्हणूनच तर दुसरा रकाना आहे.

1954 सालात जाऊ. त्या वर्षी 21 मार्चला पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ने सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन दोन्ही घेतलं. 10 ऑक्टोबरला पहिले राष्ट्रीय पुरस्कार झाले. मधल्या सहा-सात महिन्यांत कोणी आमच्यासारखी वही काढली असती तर ‘मिळेल’च्या रकान्यात डोळे मिटून ‘दो बीघा जमीन’ लिहिलं असतं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. ‘दो बीघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर भागवावं लागलं. पहिलं सुवर्णपदक मराठी चित्रपटाला, याचा आपल्याला अभिमान असतो आणि असावा. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम विसरणं शक्य नाही. तरीही मी त्या साली ‘मिळावा’च्या रकान्यात ‘दो बीघा जमीन’च लिहिलं असतं. बलराज साहनींचा शंभू 65 रुपयांचं देणं समजून सावकाराकडे जातो आणि कागदावर 235 निघतात, मग जमीन वाचवायला कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. सोयाबीनचा भाव पडला की काय होतं हे ज्याने वाशीम जिल्ह्यात पाहिलंय, त्याला हा चित्रपट जुना वाटत नाही. ‘श्यामची आई’ बघताना मी रडतो. ‘दो बीघा जमीन’ बघताना रडू येत नाही, घाम फुटतो. माझ्या लेखी दुसरं मोठं. हे मत कोणाला मराठीद्रोह वाटेल, वाटो. दोन रकान्यांमुळे ते मला मांडता तरी येतं. निकालाचा अंदाज आणि स्वतःचा निवाडा वेगळे ठेवायची सवय लागली की ढाल मिळालेला चित्रपट आपोआप मोठा वाटत नाही आणि न मिळालेला आपोआप हुतात्मा होत नाही.

आणि वहीचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. निकाल लागला की तो लगेच अपरिहार्य वाटू लागतो. ‘कोर्ट’ला 2015 मध्ये सुवर्णकमळ मिळालं. आज त्यावर बोलणारा प्रत्येक जण असं बोलतो की ते मिळणारच होतं. आठवून पाहा, तेव्हा काय दिसत होतं: चैतन्य ताम्हाणे तिशीही न गाठलेला, पहिलाच मोठा चित्रपट, कॅमेरा हलायला तयार नाही, आणि आरोपी लोकशाहिराच्या भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार, ज्यांचं आयुष्य नटाचं नव्हे, चळवळीतल्या कार्यकर्त्याचं. ही निवड धाडसाची होती. पण तिचं धाडस मोजायचं तर आधी लोकांना काय वाटत होतं त्याची नोंद पाहिजे. परीक्षक मंडळ आपलं काम करून पांगतं. निर्माता पोस्टरवर कमळ छापतो. समीक्षक दुसऱ्या दिवशी ‘अपेक्षेप्रमाणे’ किंवा ‘अनपेक्षितपणे’ असं लिहून मोकळा होतो, त्याची अपेक्षा काय होती हे कुठेच लिहिलेलं नसतं. आदल्या दिवशीची नोंद राहते ती आमच्यासारख्या रिकामटेकड्यांकडे. तिची तपासणी कोणीही करू शकतं. गुरुजी तर दरवर्षी चष्मा पुसून करतातच.

तेव्हा मीही आडपडदा न ठेवता सांगतो. 2025 मध्ये प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांचे पुरस्कार जेव्हा केव्हा जाहीर होतील, तेव्हाच्या मराठी विभागासाठी माझे रकाने भरलेले आहेत. ‘मिळावा’मध्ये रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. जानेवारी 2025 मध्ये सनडान्सच्या जागतिक चित्रपट विभागात त्याने परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं, पण माझं कारण ते नाही. वडील गेल्यानंतरचे सुतकाचे दहा दिवस, गावाकडचे नियम, लग्नाचा लकडा लावणारे नातेवाईक, आणि या सगळ्यात दोन पुरुषांचं हळुवार प्रेम: आपल्या खेड्याकडे इतक्या कमी आवाजात बघणारा मराठी चित्रपट मी फार पाहिलेला नाही.

‘मिळेल’मध्ये मात्र सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’. त्यामागचं कारण असं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून आधी ‘भोंगा’, ‘बार्डो’ अशी फारशी कोणाला ठाऊक नसलेली नावं निवडली गेली. त्यानंतरच्या चार खेपा मात्र ‘गोष्ट एका पैठणीची’, ‘एकदा काय झालं’, ‘वाळवी’ आणि सुजय डहाके यांची नवी ‘श्यामची आई’. ओळखीचे चेहरे, थेटरात कुटुंबासह बसून बघता येतील असे चित्रपट. ‘वाळवी’ त्यात जरा वाकड्या वाटेची, पण तिच्यातही स्वप्नील जोशी होताच. नव्या ‘श्यामची आई’च्या वर्षी आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ माझ्या मते जास्त ताजा होता. त्याला पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार देऊन मंडळाने समजूत घातली. कल हा असा आहे. ‘दशावतार’ त्यात चपखल बसतो: कोकण, लोककला, गर्दी खेचलेला चित्रपट, आणि ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर. ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’ या दोन्हींसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार आधीच मिळालेला आहे. या खेपेला त्यांना थेट मुख्य अभिनेत्याचा मिळेल असं वहीत दोघांनी लिहिलंय. माझ्या सहीसमोर विशेष उल्लेख आहे. मुख्य पुरस्कारासाठी हिंदी आणि दक्षिणेतले तगडे दावेदार असणारच, आणि मराठी नटाला तो शेवटचा मिळाला ‘देऊळ’च्या गिरीश कुलकर्णींना की नंतर आणखी कोणाला, यावरच सध्या आमच्यात जुंपली आहे.